चेहऱ्यापासून दीड मीटर

आमच्या घरात अब्बांचा एकच फोटो आहे. १९८९ साली ते गेले. पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं, की भिंतीवर लावायला त्यांचा फोटोच नाही. मग गिरणीच्या ओळखपत्रावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो मी एका स्टुडिओत नेला आणि मोठा करून मागितला. चार दिवसांनी फ्रेम मिळाली. जिथे जिथे पुसट होतं, तिथे स्टुडिओवाल्याने ब्रश चालवला होता. भुवया नव्या, ओठांना कड नवी. अब्बांचा डावा कान जरा बाहेर आलेला होता, तोही त्याने बिचाऱ्याने आपल्या समजुतीने आत बसवून दिला होता. अम्माने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "ये कोन है?" फ्रेम भिंतीवर लागली, आजही आहे. अम्मा मात्र तिच्याकडे बघत नाही.

यात त्या माणसाची चूक म्हणता येत नाही. एवढ्याशा कागदात जे उमटलंच नव्हतं, ते तो आणणार कुठून?

अम्माने ऐंशी पार केली तेव्हा मी ठरवलं, की तिचा एक तरी फोटो नीट काढून ठेवायचा. नीट म्हणजे सुंदर नव्हे, तिला ओळखणाऱ्या माणसाला पटेल असा. मोबाइलमध्ये तिचे फोटो पुष्कळ आहेत. पण लग्नाच्या घोळक्यात ती कडेला असते, आणि नातवाने हात लांब करून काढलेल्या फोटोत तिचं नाक चेहऱ्याभर पसरलेलं असतं. असं का होतं, हे पुढे सांगणारच आहे, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबते.

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या लेन्सवर बोलावं हे काय, आणि तेही रेडिओवर, जिथे एकही फोटो दाखवायची सोय नाही! मला वाटतं, ते बरंच आहे. फोटो दाखवता आला, की माणूस कारण सांगायचं टाळतो.

माझ्या आपाच्या मुलाने नोकरी लागल्यावर मिररलेस कॅमेरा घेतला. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असायचा. तो प्रकाश वर डोळ्याकडे पाठवायचा आणि बटण दाबलं की 'खट्' करून बाजूला व्हायचा. २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ हा कॅमेरा आणला, त्यात तो आरसाच काढून टाकलेला होता. लेन्समधून आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि तिथे जे दिसतं, तेच छोट्या पडद्यावर आपल्याला दिसतं. २०१३ मध्ये सोनीने आणि २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनने मोठ्या सेन्सरचे असे कॅमेरे काढले, आणि बघता बघता दुकानांतली आरशाची खटखट कमी होत गेली. भाच्याचा कॅमेरा कॅननचा आर-५०, म्हणजे २०२३ मधला, लहान सेन्सरचा. सोबत खोक्यातूनच आलेली १८ ते ४५ मिलिमीटरची झूम लेन्स.

एका रविवारी आम्ही मामा-भाचे अम्मासमोर बसलो. "कायकू रे फोटो?" असं ती तीनदा म्हणाली आणि मग पांढरी ओढणी बदलून दुसरी पांढरी ओढणी घेऊन आली. तिची खोली दहा बाय बारा फुटांची. एकच खिडकी, तीही उत्तरेला. भाच्याने फ्लॅश लावला तर अम्माने डोळे गच्च मिटले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत, झगझगीत उजेड तिला सोसत नाही. मग फ्लॅशशिवाय काढले. बावीस फोटो काढले आणि बावीसही हललेले निघाले. भाच्याला वाटलं आपला हात हलला. त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, तरी तेच. हात त्याचा हलत नव्हताच. अम्माची मान हलते. गेली चार-पाच वर्षं ती अशीच, अगदी हलकी, नाही नाही म्हटल्यासारखी हलत असते. आम्हाला घरात ते दिसेनासं झालं होतं. कॅमेऱ्याला दिसलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडे होते. ४५ मिमी, एफ/६.३, शटर एक दशांश सेकंद. सेकंदाच्या दहाव्या भागात मान हलणारच. इथून आमचा लेन्सचा शोध सुरू झाला.

हा एफ/६.३ म्हणजे काय, तर लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या छिद्राच्या व्यासाने भागून आलेला आकडा. छायाचित्रकार त्याला फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर म्हणतात. ५० मिमीच्या लेन्सचं छिद्र २८ मिमीच्या आसपास असेल, तर भागाकार १.८ येतो. आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं म्हणजे उजेड जास्त. गंमत इथे आहे, की उजेड आकड्याच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. ६.३ ला १.८ ने भागा, साडेतीन येतात. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. म्हणजे एफ/१.८ ची लेन्स त्याच खोलीत, त्याच खिडकीतून बारापट उजेड आत घेते. मग एक दशांशाच्या जागी सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. तेवढ्या वेळात अम्माची मान जागच्या जागी असते.

अशा लेन्सला इंग्रजीत 'फास्ट' म्हणतात. आपण 'वेगवान' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही पळते की काय! पळतं ते शटर. लेन्स फक्त दार मोठं उघडते.

खरं सांगायचं तर अशी लेन्स जन्मालाच आली ती माणसांच्या चेहऱ्यासाठी. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची जाहीर घोषणा झाली, तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या की इमारतींचे फोटो येत, माणसांचे येत नसत. कितीतरी मिनिटं न हलता बसणार कोण? १८४० साली व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने आकडेमोड करून एफ/३.६ ची लेन्स रचली. सैन्यातल्या तोफखान्याचे आकडेमोडीत तरबेज असलेले लोक त्याच्या मदतीला दिले होते, असं सांगतात. फोइग्टलेंडर या कंपनीने ती बनवली. आधीच्या लेन्सच्या मानाने तिने सुमारे सोळापट उजेड आत घेतला आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. तरीही मानेमागे लोखंडी चिमटा लावून माणसाला बसवत असत. आपल्या लहानपणी स्टुडिओवाला "हलू नका, श्वास घेऊ नका" म्हणायचा, तो याच घराण्यातला. पुढे पेट्झवाल आणि ती कंपनी यांचं पैशावरून बिनसलं. गणिती आणि व्यापारी यांचं जे व्हायचं ते झालं.

असो. मोठ्या छिद्राची लेन्स हवी, इथवर आमचं एकमत होतं. अशी लेन्स झूममध्ये मिळते, पण ती जड आणि महाग. त्यामुळे एकाच नाभीय अंतराची, जिला प्राइम म्हणतात ती घ्यायची. प्राइममध्ये मागे-पुढे करणारी काचांची यंत्रणा नसते, म्हणून कमी काचेत, कमी पैशात मोठं छिद्र करता येतं. फक्त पुढे-मागे आपल्याला व्हावं लागतं. भाचा म्हणाला, "मामू, मग पंच्याऐंशीच घेऊ. सगळे पोर्ट्रेटवाले पंच्याऐंशी वापरतात."

इथे मी त्याला थांबवलं. कारण 'सगळे वापरतात' या सल्ल्यावर मी आयुष्यात पुष्कळ वस्तू घेतल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच माळ्यावर आहेत.

आधी नाकाची गोष्ट सांगतो. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटीमीटर धरा. कॅमेरा चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर नाक ३० वर आणि कान ४२ वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक चाळीस टक्के मोठं उमटणार. मोबाइलमधलं ते पसरलेलं नाक हेच. आता कॅमेरा दीड मीटरवर न्या. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक उरला फक्त आठ टक्के. समोरासमोर बसून आपण एखाद्याशी बोलतो, तेव्हा साधारण याच अंतरावरून त्याचा चेहरा बघतो. म्हणून त्या अंतरावरून काढलेला चेहरा आपल्याला त्याचा वाटतो. चेहरा चपटा दिसणं किंवा फुगलेला दिसणं, हे लेन्सवर अवलंबून नसतं, अंतरावर असतं. लेन्स फक्त एवढंच ठरवते, की त्या अंतरावरून चौकटीत किती मावेल. हे एकदा मनात पक्कं बसलं, की दुकानदाराशी बोलताना जीभ अडखळत नाही.

तेव्हा आधी अंतर ठरवायचं, मग चौकट, आणि लेन्स सगळ्यात शेवटी. आमचं अंतर दीड मीटर. त्याच्या आत यायचं नाही. चौकट? अम्माचा चेहरा, ओढणी आणि मांडीवरच्या पानाच्या डब्यावर ठेवलेले हात. आम्ही मोजपट्टी घेऊन खोलीत उतरलो. बारा फूट म्हणजे ३.६५ मीटर, ऐकायला पुष्कळ वाटतं. पण अम्माची खाट भिंतीला लागून, समोर कपाट. कपाटाला पाठ लावून भाचा उभा राहिला, तर त्याच्या आणि अम्माच्या मध्ये दोन मीटरही उरत नव्हते.

आता सेन्सरचा हिशेब. जुन्या ३५ मिमीच्या फिल्मएवढा सेन्सर असतो, त्याला फुल फ्रेम म्हणतात. भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी नावाचा. लहान सेन्सर म्हणजे मोठ्या चित्राच्या कडा कापून मधला भाग ठेवल्यासारखं. कॅननमध्ये हा हिशेब १.६ चा, सोनी, निकॉन, फुजीमध्ये १.५ चा. म्हणून ५० मिमीची लेन्स त्याच्या कॅमेऱ्यावर ८० मिमीसारखी वागते. लोक ज्या पंच्याऐंशीची तारीफ करतात, ती फुल फ्रेमवरची. भाच्याच्या कॅमेऱ्यावर तिचं काम पन्नासच करते.

आम्ही कागदावर मांडलं. ५० मिमीने दीड मीटरवरून, कॅमेरा उभा धरला तर, साधारण ६५ सेंटीमीटर उंचीचा भाग चौकटीत येतो. डोक्यापासून मांडीवरच्या डब्यापर्यंत, बसलेल्या आणि वाकलेल्या अम्माला पुरेसा. तेवढाच भाग ८५ मिमीने घ्यायचा तर अडीच मीटर मागे जावं लागेल. म्हणजे कपाट फोडून पलीकडच्या स्वयंपाकघरात. भाचा कपाटाकडे बघत राहिला आणि पंच्याऐंशी मिटली.

ज्यांना कागदावरचं गणित नको, त्यांनी एक करावं. आपल्या झूमचं कडं एका आकड्यावर फिरवून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि एक दिवस घरात फिरावं. एक दिवस ३५ वर, एक दिवस झूमच्या लांब टोकाला. मागे भिंत लागते की पुढे खाट आडवी येते, हे दोन दिवसांत कळतं. पुण्या-मुंबईकडे लेन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. विकत घेण्याआधी भाड्याने आणून बघणं हा शहाणपणा लग्नाच्या शेरवानीत आपल्याला सुचतो, लेन्समध्ये सुचत नाही.

दुसरा वाद झाला तो छिद्र किती मोठं, यावर. एफ/१.८ बास, असं मी म्हणत होतो. भाच्याच्या डोळ्यांसमोर एफ/१.२ होता. कारण त्याला मागची धूसरता हवी होती. जपानीत तिला बोके म्हणतात. चेहरा धारदार आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं, असे फोटो तरुण पोरांना फार आवडतात. मलाही आवडतात, नाही असं नाही. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत पैशाची आणि वजनाची. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स १६० ग्रॅमची आहे, एका मोठ्या कांद्याएवढी, आणि वीस हजारांच्या आत-बाहेर मिळते. त्यांचीच ८५ मिमी एफ/१.२ ही ११९५ ग्रॅमची आणि दोन लाखांच्या वर. आणि १.८ पासून १.२ पर्यंत जाऊन उजेड किती वाढतो? सव्वादोनपट. कमी नाही, पण झूममधून प्राइमवर येताना मिळालेल्या बारापटीपुढे काहीच नाही. त्या सव्वादोनपटीसाठी मी माझ्या भाच्याला कर्ज काढू देणार नव्हतो.

दुसरी किंमत जास्त महत्त्वाची, आणि ती दुकानात सांगत नाहीत. छिद्र जितकं मोठं, तितकी धारदार पट्टी पातळ. दीड मीटरवर, भाच्याच्या कॅमेऱ्यावर, ५० मिमी एफ/१.८ ला ही पट्टी साधारण सहा सेंटीमीटरची होते. डोळ्यावर फोकस असेल तर नाक जेमतेम सांभाळलं जातं, कान धूसर होतात. त्याच जागेवरून ८५ मिमी एफ/१.२ लावली, तर पट्टी दीड सेंटीमीटरच्याही आत येते. माणसाने मान जराशी वळवली तरी त्याच्या दोन डोळ्यांच्या अंतरात दोन-तीन सेंटीमीटरांचा फरक पडतो. म्हणजे एक डोळा फोटोत आणि एक डोळा धुक्यात. ज्या बाईची मान सतत हलते, तिच्यासाठी ही लेन्स म्हणजे जुगार. स्टॅन्ले कुब्रिकने १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडात प्रसंग चित्रित केले, त्यासाठी नासाकरता बनवलेली झाइसची एफ/०.७ लेन्स वापरली होती. पण नटांना जागच्या जागी खिळून बसावं लागलं, पुढे-मागे झाले की फोकस गेला! कुब्रिकला नट मिळाले. मला अम्मा मिळाली आहे, आणि ती कोणाचं ऐकत नाही.

तेव्हा एफ/१.८ वर तडजोड झाली. तडजोड हा शब्दही भाच्याचा, माझा नाही.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा इथे एक मोठा फायदा आहे, तो सांगितला पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारं यंत्र वेगळ्या जागी असायचं. त्याच्या आणि सेन्सरच्या मापात केसभर फरक पडला, की मोठ्या छिद्राला डोळ्याऐवजी पापणी किंवा कान धारदार यायचा. आता सेन्सर स्वतःच फोकस मोजतो. शिवाय कॅमेरा चेहरा ओळखतो, त्यातला डोळा ओळखतो आणि त्यावर चौकट ठेवून माणसाबरोबर हलत राहतो. एफ/१.८ सारख्या लेन्सवर पूर्वी दहातले चार फोटो हाती लागायचे, आता आठ लागतात, हा माझा आमच्या घरापुरता अनुभव. मात्र एक गैरसमज नको. काही कॅमेऱ्यांत सेन्सर हलवून कंप थांबवण्याची सोय असते. भाच्याच्या कॅमेऱ्यात ती नाही, पण असती तरी उपयोग नव्हता. ती आपल्या हाताचा कंप थांबवते, समोरच्याच्या मानेचा नाही. त्यावर उपाय एकच, उजेड आणि भरभर चालणारं शटर.

ज्यांच्याकडे दुसरे कॅमेरे आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. फुल फ्रेम असेल आणि खोली मोठी असेल, तर पंच्याऐंशी एफ/१.८ खुशाल घ्यावी. सोनीची ३७१ ग्रॅमची आहे, निकॉनची ४७० ग्रॅमची. फक्त लेन्स किती जवळून फोकस करते, हे आधी विचारावं. सोनीची ८० सेंटीमीटरच्या आत करत नाही, तेव्हा तान्ह्या बाळाची मूठ टिपायची असेल तर ती उपयोगाची नाही. खोली लहान असेल तर फुल फ्रेमवरही ५० च बरी. सोनी किंवा फुजीचा एपीएस-सी असेल, तर सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ ही २८० ग्रॅमची फार चांगली लेन्स आहे. ऑलिम्पस-पॅनासॉनिकच्या आणखी लहान सेन्सरवर हिशेब दुपटीचा. तिथे ऑलिम्पसची ४५ मिमी एफ/१.८, वजन ११६ ग्रॅम. खिशात मावते. आणि माळ्यावर जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी पडली असेल तर फेकू नका. आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यातली जागा कमी झाली आहे. कॅननमध्ये ती ४४ मिमीची २० झाली. त्या मोकळ्या जागेत अडॅप्टरची चकती बसते आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. फोकस मात्र हाताने करायचा. घाई नसलेल्या माणसासाठी मजेचं काम आहे.

लेन्स आली तो दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उत्तरेच्या खिडकीतून मऊ उजेड येत असताना आम्ही पुन्हा बसलो. अम्माला खिडकीपासून हातभर अंतरावर, चेहरा थोडा उजेडाकडे करून बसवलं. भाच्याने पहिले काही फोटो एफ/१.८ वर काढले. सगळे स्थिर. पण चेहरा काळवंडला. पांढरी ओढणी बघून कॅमेऱ्याला वाटतं, फार उजेड आहे, आणि तो सगळंच चित्र गडद करतो. आपल्याकडे सावळ्या चेहऱ्यांभोवती पांढऱ्या टोप्या, पांढरे पदर, पांढऱ्या ओढण्या पुष्कळ. तेव्हा हे लक्षात ठेवावं. उजेडाची भरपाई करणारं कडं अधिकच्या बाजूला दोन खाचा फिरवलं की चेहरा परत येतो, आणि मिररलेसमध्ये तो परत आलेला फोटो काढण्याआधीच दिसतो.

भाच्याने पडदा अम्मासमोर धरला. तिने चष्मा वर-खाली करून बघितलं. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "मेरी खिडकी किधर गई?"

खिडकी होती, पण लोण्यासारखी विरघळलेली. खिडकीतला पुदिन्याचा डबा, गजांना बांधलेली दोरी, दोरीवरची तस्बीह, यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. ज्या बाईने पन्नास वर्षं त्या खिडकीशी बसून काढली, तिच्या फोटोत ती खिडकी कोणाचीही असू शकत होती. भाचा काही बोलला नाही. त्याने छिद्र एफ/४ पर्यंत लहान केलं, आयएसओ वाढवला, शटर सव्वाशेवरच ठेवलं. पट्टी सहाची तेरा-चौदा सेंटीमीटर झाली. दोन्ही डोळे, नाक, कान, सगळं धारदार. आणि मागे खिडकी, जराशी मऊ, पण गज मोजता येतील अशी. एवढा उजेड खिडकीशी होता म्हणून हे जमलं. संध्याकाळ असती तर १.८ वरच थांबावं लागलं असतं, आणि मग खिडकीवर पाणी सोडावं लागलं असतं. मोठ्या छिद्राची लेन्स घेतल्यावर ते दर वेळी पूर्ण उघडलंच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. भाच्याने तो नियम कुठून शिकला होता कोण जाणे.

आम्ही दहा बाय बाराचा एक कागदी प्रिंट काढला. फोनमध्ये ठेवलेला फोटो कधी कुठे जाईल सांगता येत नाही.

नंतर एक अनपेक्षित गोष्ट झाली. अम्माने तिची ट्रंक उघडली आणि तळातून अब्बांचं गिरणीचं ओळखपत्र काढून भाच्याच्या हातात ठेवलं. तेच, तिकिटाएवढ्या फोटोचं. आमची नवी लेन्स ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. तेवढ्या जवळून चौकटीत नऊएक सेंटीमीटरचा भाग येतो. चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्या अडीच सेंटीमीटरच्या फोटोच्या वाट्याला सोळाशेच्या वर ठिपके येतात, म्हणजे पोस्टकार्डाएवढा प्रिंट निघतो. भाच्याने ओळखपत्र खिडकीच्या फळीवर सपाट ठेवलं, वरून एफ/८ वर फोटो काढला आणि त्यावर कुठलाही ब्रश चालवला नाही. शिक्क्याची अर्धी गोल रेघ खांद्यावरून गेली होती, ती तशीच. पुसट होतं ते पुसटच.

अम्माने पोस्टकार्ड खिडकीकडे नेऊन, अगदी डोळ्याजवळ धरून बघितलं.

"कान बराबर है," ती म्हणाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)